व्हर्नाने भरलेली काडतुसं

४ नोव्हेंबर

फाटकाची साखळी आज उलटी अडकवलेली होती. कडी आम्ही उजवीकडून घालतो. मी, व्हर्ना, आमचं गवत कापायला येणारा हार्लन टीग, सगळेच. आज ती डावीकडून घातलेली. शाळेतून परत येताना पिकअपमधून उतरले आणि वाऱ्यात तशीच साखळीकडे बघत उभी राहिले.

घरात व्हर्ना बटाटे सोलत होती.

"आज कोणी आलं होतं?"

"माझ्याकडे कोण येणार? मरणसुद्धा पत्ता हरवून बसलंय."

सिंकमध्ये एक कप होता. तळाशी न विरघळलेली साखर, चांगली दोन चमचे. व्हर्नाला साखर बंद आहे. मी कप तिच्यासमोर धरला. ती म्हणाली, "सापडले. घाल मला तुरुंगात."

मला हसू आलं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, सून शाळेच्या स्वयंपाकघरात राबायला गेली की चोरून गोड कॉफी पिते. पण साखळीचं काय, ते राहिलंच.

७ नोव्हेंबर

माझा फोटो नाही. फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली होता, शाळेच्या सगळ्या बायकांबरोबरचा, मी कडेला हसतेय तो. चुंबक आहे, फोटो नाही. व्हर्ना म्हणाली, पडला असेल, फ्रीजखाली गेला असेल. मी झाडूने फ्रीजखालचं सगळं बाहेर काढलं. दोन वाटाणे आणि एक बटण.

एक नाव मनात आलं. ते मी लगेच पुसलं. माझा नवरा वेड, तो अलास्कात आहे. मासे साफ करायच्या बोटीवर. व्हर्नाला सप्टेंबरात पत्र आलं होतं, तिनेच मला वाचून दाखवलं. शिवाय कोर्टाचा हुकूम आहे, त्याने माझ्या आसपास यायचं नाही. हुकूम मिळाला तोही व्हर्नामुळेच. तिने साक्षीच्या खुर्चीत बसून, पोटच्या मुलाकडे बघत सांगितलं होतं, "हो, त्यानेच तिचं मनगट मोडलं. मी शेजारच्या खोलीत होते, मला आवाज आला." नंतर मला म्हणाली, घर माझ्या नावावर आहे, तू इथेच राहायचंस, जायचं तर तो जाईल. माझी स्वतःची आई असती तर तिने एवढं केलं असतं का, मला सांगता येत नाही.

म्हणजे वेड नाही. मग कोण?

हार्लनला खालचं कुरण विकत हवंय. तीन वर्षं मागतोय. दोन बायका घाबरून शहरात निघून गेल्या तर त्याला काय वाईट वाटणार आहे?

९ नोव्हेंबर, शनिवार

नॅडीनच्या दुकानात गेले. शिकारीचा हंगाम, त्यामुळे नारिंगी जाकिटांची गर्दी. खाद्याच्या पोत्यांवर बसून एकजण सगळ्यांना आपलं हरीण फोनवर दाखवत होता.

नॅडीनने विचारलं, "काय हवंय?"

मी हळूच सांगितलं, एमेटच्या रायफलसाठी काडतुसं. एमेट म्हणजे माझे सासरे, जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची लिव्हरची रायफल, खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची, दिवाणखान्यातल्या कपाटात आहे.

"हरणासाठी?"

"घरासाठी."

पोत्यावरचा माणूस लगेच म्हणाला, "घरासाठी छर्‍याची बंदूक घ्या. डोळे मिटून मारली तरी लागते."

"तुला कोणी विचारलं?" नॅडीन म्हणाली. "ते हरीण अजून तीन वेळा दाखव, जा." मग माझ्याकडे वळली. "पिस्तूल का नको?"

मी उजवा हात वर केला. मनगटात पट्टी आहे, हाताने धरलेलं काही उसळलं की कळ थेट कोपरापर्यंत जाते. वेड डावखुरा होता, त्यामुळे माझं उजवं मनगटच त्याच्या हाताशी यायचं. रायफल खांद्यावर टेकते, तेवढं जमतं.

नॅडीनने काउंटरवर दोन डबे ठेवले. एमेटच्या रायफलीत दोन्ही चालतात, तीनशे सत्तावन्न आणि अडतीस. एकच जाडी, पहिलं लांब आणि तापट, दुसरं आखूड आणि समंजस. तीनशे सत्तावन्न रायफलीतून सुटलं की वेग फार वाढतो, माणूसही पार करतं आणि भिंतही. अडतीस हलकं, आवाज कमी, पण जाड कोट घातलेल्या माणसावर भरवसा कमी. ती म्हणाली, "पोकळ टोकाची घे. आत गेली की फुलते आणि थांबते. आणि नुसती घरी नेऊन ठेवू नकोस. निदान एक डबा तुझ्या रायफलीतून उडवून बघ. जुनी लिव्हर आहे, प्रत्येक काडतूस तिच्या गळ्याखाली उतरेलच असं नाही."

निघताना तिने माझी बाही धरली. "आणखी एक. घरी भरलेली काडतुसं वापरू नकोस. व्हर्नाचा हात सोन्याचा आहे, अर्धं खोरं उडवलेली रिकामी काडतुसं तिच्याकडून पुन्हा भरून नेतं. पण उद्या काही झालं तर कोर्टात वकील म्हणेल, बाईने माणूस मारायला खास काडतुसं घरी शिजवली. दुकानाचा डबा असेल तर त्याला बोलायला जागा नाही."

तीनशे सत्तावन्न घेतली, एकशे अठ्ठावन्न ग्रेनची, पोकळ टोकाची. पन्नासाचा डबा. गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला आणि वाटभर त्याच्याकडे बघत आले, कोणी अनोळखी माणूस गाडीत घेतल्यासारखी.

१० नोव्हेंबर

व्हर्नाने चष्मा लावून डब्याची चिठ्ठी वाचली. मग मला दिवाणखान्यात नेलं.

"उभी राहा. दार तिकडे. माणूस दारातून आला. कुठे मारशील?"

मी दाखवलं.

"त्याच्या मागे काय आहे?"

भिंत.

"भिंतीमागे?"

भिंतीमागे तिचा पलंग आहे. आमचं घर कारखान्यात बनवून दोन ट्रकांवरून आणलेलं. भिंती म्हणजे दोन पुठ्ठे आणि मध्ये कापूस.

"मला झोपेत मारायचं असेल तर सरळ सांग," ती म्हणाली, "मी निदान चांगला गाऊन घालून झोपेन." मग तिचा आवाज मऊ झाला. "मी तुला अडतीसची भरून देते. अगदी हलकी. माझ्या बाकावर चाळीस वर्षं मी हेच करतेय. तुझ्या मनगटालाही बरी."

नॅडीनचं वकिलाचं बोलणं मी सांगितलं. व्हर्ना म्हणाली, "नॅडीन डबे विकते, पोरी."

हेही खरंच. पण मी म्हटलं, आधी हीच उडवून बघू.

११ नोव्हेंबर

नाहीच चालली. मागच्या उतारावर जुना पत्रा उभा केला होता. पहिली दोन मी उडवली, नीट गेली. तिसऱ्याला व्हर्ना म्हणाली, दे, मी बघते. तिने रायफल घेतली, लिव्हर ओढली आणि काडतूस मध्येच अडकलं. पुन्हा केलं, पुन्हा अडकलं. "बघ. पोकळ टोक कडेला धरतं. ऐन वेळी असं झालं तर?"

लिव्हर तिने अर्धीच ओढली असं मला क्षणभर वाटलं. एमेट ओरडायचे, ओढायची तर पूर्ण ओढ, नाहीतर अडकेल. पण तिच्या खांद्याला संधिवात आहे, थंडीत हात पूर्ण जात नाही. तिला तसं म्हणणं बरं दिसलं नसतं.

डबा तिने उचलून ठेवला. म्हणाली, नीट जागी ठेवलाय, अस्वलासाठी राहू दे.

१६ नोव्हेंबर

व्हर्ना तीन दिवस गॅरेजमध्ये बाकावर होती. आज तिने मला दोन पेट्या दिल्या. निळीत चाळीस, सरावाला. पांढरीत दहा, घरात भरून ठेवायला. पांढरीतल्या काडतुसांच्या बुडाला लाल नेलपॉलिश लावलंय, चांगलं जाड, घोडा ज्यावर आपटून ठिणगी पडते ती खालची टिकली दिसतही नाही.

"हे कशाला?"

"ओल लागू नये म्हणून. आणि सरावाची नि घरातली एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. पांढरीतलं एकही उडवायचं नाही. मोजून दहा केलीत. मी मोजेन."

दुपारी उतारावर निळ्या पेटीतली वीस उडवली. काय सुंदर चालली! खांद्याला कोणी बोट लावावं एवढाच धक्का. पत्र्यावर सतरा लागली. व्हर्ना खुर्ची टाकून, मांडीवर घोंगडी घेऊन बघत होती. प्रत्येक वेळी पत्रा वाजला की ती डोळे मिटायची. इतकी वर्षं बंदुकांत काढूनही आवाज सहन होत नाही आता.

नंतर लाल बुडाची दहा मी नळीत भरली. घरात गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला उबदार वाटलं. रात्री शेकोटीजवळ तिचे पाय चोळून दिले. ती म्हणाली, "तू चांगली पोर आहेस, लेनी. फार चांगली." आणि तोंड फिरवलं.

२० नोव्हेंबर

हार्लन फाटकाशी भेटला. ट्रकची काच खाली करून म्हणाला, "वरच्या पठारावरची ती मेंढपाळाची राहायची गाडी भाड्याने दिलीत का?"

"नाही. का?"

"धुराडं चालू दिसलं. दोन-तीनदा."

मी पठाराकडे बघितलं. पण मग वाटलं, हा पठाराकडे बघतोय कशाला? त्याचं कुरण खाली आहे. धूर आहे म्हणून सांगायचं, मला घाबरवायचं आणि मग म्हणायचं, बायकांनी एवढी जमीन कशी सांभाळायची. मी म्हटलं, "तुमचं लक्ष बरंच असतं आमच्याकडे."

त्याने टोपी सारखी केली आणि तो गेला.

व्हर्नाला विचारलं. "तिथली शेगडी मीच पेटवली," ती म्हणाली. "उंदरांनी गादी ओली केली होती. वाळवायला नको?" ती रोज दुपारी जुनी गाडी घेऊन वर जाते, गुरांना मीठ ठेवायला. थर्मास घेऊन जाते. वर वारा फार.

बघा म्हणजे. हार्लनने उगाच बाऊ केला.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

दोघींच्या सणाला बारा पौंडांची टर्की. मी म्हटलं, कोण खाणार? व्हर्ना म्हणाली, उरेल. उरली नाही. दुपारी मी कोंबड्यांना दाणे टाकून आले तर टर्कीच्या दोन्ही तंगड्या नाहीत आणि भोपळ्याची एक अख्खी पाई थाळीसकट गायब.

"पाई चर्चला दिली," व्हर्ना म्हणाली.

"आणि तंगड्या?"

"मी खाल्ल्या."

"त्या कवळीने?"

"भूक लागली होती." तिने असं काही बघितलं माझ्याकडे की मी हसणंही विसरले.

तिला काहीतरी होतंय. साखर, भूक, विसरणं. काल दुकानातून खोकल्याचं औषध आणलं, तिला खोकला नाही. पुरुषांचे लोकरी मोजे आणले, म्हणाली चुकून उचलले. मला आता बाहेरच्या माणसाइतकीच तिच्या डोक्याची भीती वाटायला लागलीय. डॉक्टरांना न विचारता कसं कळणार? तिला दुखवून तरी कसं विचारू?

३० नोव्हेंबर

पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी हार्लन यंत्र घेऊन वाट साफ करायला आला. दरवर्षी येतो. इथे बर्फ पडला की ज्याच्याकडे यंत्र असेल तो विधवांची, म्हाताऱ्यांची वाट आधी मोकळी करतो, त्याचे आभारही कोणी मानत नाही.

मी बाहेर गेले. कोठारामागे बुटांचे ठसे होते, मोठे, घराच्या मागच्या दारापर्यंत आलेले. मी ते त्याला दाखवले.

"हे तुमचे?"

त्याने खाली बघितलं. पाय उचलून तळवा दाखवला. "माझ्या टाचेला खिळे आहेत, लेनोरा. हा सपाट आहे."

"दुसरे बूट असतील."

"असतील की. माणसाने दोन जोड ठेवू नयेत असं काही आहे का?" मग गंभीर झाला. "शेरीफला बोलाव. नाहीतर मी बोलावतो."

शेरीफ आला की हा पुढे होऊन सांगणार, बायका घाबरल्यात, मीच लक्ष ठेवतो. मला ते नको होतं. मी म्हटलं, "तुम्ही आमच्या वाटेवर आलात तर मी त्याआधी बोलावेन. बर्फ आमचा आम्ही काढू."

त्याने यंत्र बंद केलं, ट्रकवर चढवलं आणि अर्धी वाट तशीच सोडून तो गेला.

व्हर्ना खिडकीत होती. मला वाटलं रागावेल, एमेटचा मित्र तो. ती म्हणाली, "बरं केलंस." आणि पडदा ओढून घेतला.

५ डिसेंबर

हे कालचं आहे. काल लिहिता आलं नाही.

शाळेचा बॉयलर बंद पडला. मुलांसाठी खिम्याची चिली शिजली होती, दालचिनीच्या गुंडाळ्या भट्टीत होत्या, पण मुलांना अकराला घरी सोडलं. मीही निघाले. आमच्या वाटेवर गुडघाभर बर्फ, पिकअप चढेना. फाटकाशी ठेवली आणि अर्धा मैल चालत आले. म्हणून त्यांना गाडीचा आवाज आला नाही.

मागच्या दाराने शिरले. दोन बूट उभे होते, सपाट तळव्याचे.

वेड स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. पुढ्यात सूप. बारीक झालाय, दाढी वाढलीय, खांद्यावर एमेटचा स्वेटर. व्हर्ना त्याच्या कपात साखर घालत होती. चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

मी मागे सरले, कपाट उघडलं, रायफल काढली. लिव्हर पूर्ण ओढली.

"लेनी," तो उठत म्हणाला. "ठेव ते. मी आजारी होतो. पाच महिने दारूचा एक थेंब घेतला नाही, आईला विचार. मला फक्त बोलायचंय."

"तिथेच थांब."

"नवरा आहे मी तुझा."

"थांब."

त्याने एक पाऊल टाकलं. डावा हात पुढे केलेला, पंजा उघडा, कुत्र्याला गोंजारायला करतात तसा. तो हात बघितला आणि मी चाप ओढला.

टक्.

तो दगडासारखा उभा राहिला. मी लिव्हर ओढली, काडतूस बाहेर पडून फरशीवर घरंगळलं. पुन्हा ओढला. टक्. पुन्हा. टक्.

पहिल्या वेळी मी घाबरले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी नाही. हे मी कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते.

वेड माझ्याकडे बघत नव्हता. फरशीवरच्या लाल बुडाकडे बघत होता. मग आईकडे बघितलं. "तू?" एवढंच म्हणाला, आणि हसला. पुढे येऊन त्याने माझ्या हातातून रायफल काढून घेतली, लहान मुलाच्या हातून सुरी घ्यावी तशी. "तीन वेळा," तो म्हणाला. "मोजलंस ना आई? माझ्यावर तीन वेळा." हसणं ओठांवर तसंच होतं, पण वरचा चेहरा तोच झाला होता. त्या रात्रीचा. तो मी ओळखते. मी भिंतीला पाठ लावली आणि उजवं मनगट पाठीमागे घेतलं.

"वेड," व्हर्ना म्हणाली.

ती उभी होती. एक हात स्वेटरच्या खिशात.

"त्या रायफलीत मी भरलेली दहाच्या दहा मेलेली आहेत. माझ्या खिशातल्या पिस्तुलातली मेलेली नाहीत. रायफल टेबलावर ठेव आणि वर पठारावर जा."

"तू मला मारणार?"

"ठेव."

"आई, तिने..."

"मी बघितलं तिने काय केलं ते. आता तू काय करतोयस तेही बघतेय. ठेव, वेड."

किती वेळ गेला सांगता येत नाही. सूप निवलं असेल. त्याने रायफल ठेवली, बूट घातले, नाड्या न बांधता बाहेर पडला. व्हर्ना खिडकीपर्यंत गेली, तो पठाराकडे वळेपर्यंत बघत राहिली. मग फोन उचलला आणि शेरीफच्या कचेरीला म्हणाली, "व्हर्ना लॅंगफोर्ड बोलतेय. माझा मुलगा वरच्या मेंढपाळाच्या गाडीत आहे. त्याला इथे यायची मनाई आहे. लवकर या, वाटेवर बर्फ आहे." पत्ता सांगितला. फोन ठेवला. आणि खुर्चीत बसताना बाजूला कलली, मी धरलं म्हणून पडली नाही.

तिला गादीवर निजवून स्वेटर खुंटीला लावला. खिशात हात घातला. रुमाल होता.

त्याला चारच्या सुमाराला नेलं. त्याच्याकडे माझा फोटो सापडला. बाकीच्या बायका कापून टाकलेल्या.

७ डिसेंबर

दोन दिवस आम्ही बोललो नाही. ती जेवण वाढते, मी खाते, मी भांडी घासते.

आज फरशीवरून उचललेलं एक काडतूस घेऊन बसले. सुरीने लाल रंग खरवडला. खालच्या टिकलीवर खळगा. आधीच कधीतरी उडून गेलेली टिकली. रंग एवढा जाड का लावला ते कळलं. आत बारूदही नसणार.

मी ते तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

"पत्र?" मी विचारलं.

"अलास्काहून आलं नव्हतं. कोर्टाच्या गावाहून आलं होतं. आजारी आहे म्हणून. ऑक्टोबरात आला तेव्हा रक्त पडेपर्यंत खोकत होता."

"दुकानातला डबा?"

"गुरांच्या तळ्यात टाकला."

"तो पुन्हा तसा वागला असता तर? मी इथे एकटी असते तर? हातात मेलेली रायफल घेऊन?"

तिने काडतूस बोटाने बाजूला सारलं. म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही दोघंही वाचाल."

"दोघं नाही. तो."

"तूसुद्धा. या स्वयंपाकघरात त्याला मारून तू रोज इथेच कॉफी केली असतीस?"

मी विचार करतेय. ती खरं बोलत असेल. माझ्यासाठीही केलं असेल. पण आता ती काही म्हणाली की मी आधी तिचे हात बघते. इतकी वर्षं जिच्या हातचं डोळे मिटून खाल्लं, तिने आज मीठ पुढे केलं तर मी क्षणभर थांबले. तिला दिसलं. तिने बरणी टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

८ डिसेंबर

हार्लनकडे गेले. दारात उभी राहून म्हटलं, मी चुकले. तो म्हणाला, "हो." मग म्हणाला, "कॉफी घे." त्याच्या बायकोने त्याला आतून हाक मारून सांगितलं, उभं काय ठेवलंयस तिला. बर्फाविषयी दोघांपैकी कोणीच बोललं नाही. परत आले तर वाट फाटकापर्यंत मोकळी होती. माझ्या आधी तो कसा पोचला, कळलं नाही. मला वाटतं मुलाला पाठवलं असावं.

१५ डिसेंबर, रविवार

रविवारी दुपारी तुरुंगात भेट असते. रस्त्यावर बर्फाची काच झालीय, अशात व्हर्नाला गाडी चालवता येत नाही. तिने मला विचारलं नाही. कोट घालून दाराशी खुर्चीत बसली होती. मीच किल्ली घेतली.

चाळीस मैल आम्ही हवामानावर बोललो. ती आत गेली, मी गाडीत बसले. काच सारखी धुकटत होती, मी पुसत होते. आत तो काय सांगत असेल, ती काय ऐकत असेल. पुन्हा काही ठरत असेल का? वसंतात सुटेल, मग कुठे जाईल? तिचं प्रेम आहे त्याच्यावर, ते काही गुन्हा म्हणून लिहिता येत नाही. पण ते प्रेम माझ्या रायफलीच्या नळीत बसलं होतं.

वीस मिनिटांत ती बाहेर आली. अर्ध्या तासाची भेट असते. पट्टा लावला, हातमोजे काढले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सुटल्यावर घरी येणार. लेनीला समजावणार. तू आहेसच म्हणाला."

मी चावी फिरवली नाही.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आता काडतुसं मी भरत नाही. लेनी दुकानातून आणते. आणि ती तीन वेळा ओढते."

बाहेर एक बाई लहान मुलीचा हात धरून पायऱ्या चढत होती. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो.

"मी अजून आणलेली नाहीत," मी म्हटलं.

"माहितीय. नॅडीन रविवारी चारपर्यंत उघडं ठेवते."

दुकानात गर्दी नव्हती, हंगाम संपलाय. मी काउंटरशी पोचायच्या आधी व्हर्ना तिथे होती. कोपर टेकवून उभी. नॅडीनने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तीनशे सत्तावन्न," व्हर्ना म्हणाली. "पोकळ टोकाची. हलकी नको."

"रायफलीत अडकत होती म्हणालीस ना मागे?"

"अडकत नाहीत. मी लिव्हर अर्धी ओढली होती."

नॅडीनने डबा ठेवला आणि पाठ करून दुसरंच काही लावायला लागली. पैसे व्हर्नाने दिले. मी नको म्हटलं नाही.

गाडीत बसल्यावर तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला. मी सील तोडलं. तिच्यासमोर तोडू नये असं वाटत होतं, पण घरी पोचेपर्यंतही थांबवेना. एक काडतूस काढलं, उलटं केलं. टिकली गुळगुळीत, खळगा नाही. कानाजवळ धरून हलवलं. आत बारूद सळसळली. मान वर केली तर व्हर्ना माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं आता रडेल, किंवा रागावेल.

तिने हीटर वाढवला आणि सीट जरा मागे केली.

"सगळी बघ," ती म्हणाली. "एकेक करून. मला घाई नाही."